सव्वीस जानेवारी : संकल्पाची तिथी

राष्ट्रांचे सण बहुधा एखाद्या घडून गेलेल्या घटनेच्या तारखेवर आधारलेले असतात. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बास्तीयचा तुरुंग काबीज केला, म्हणून फ्रान्समध्ये १४ जुलै हा राष्ट्रीय सण झाला. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, म्हणून अमेरिकेत ४ जुलै साजरा होतो. घटना आधी घडली आणि तारखेला महत्त्व मागाहून आले, असा हा क्रम आहे. भारताचा २६ जानेवारी या क्रमाला अपवाद आहे. येथे तारीख आधी ठरली आणि घटना मागाहून त्या तारखेवर आणून बसविण्यात आली. तेही एकदा नव्हे, दोनदा. १९३० साली एका पराधीन राष्ट्राने प्रतिज्ञेसाठी हा दिवस निवडला आणि १९५० साली त्याच राष्ट्राने, स्वाधीन झाल्यावर, आपली राज्यघटना अमलात आणण्यासाठी पुन्हा तोच दिवस निवडला. या दोन निवडींमधील वीस वर्षांत या दिवसाचा खरा अर्थ साठविलेला आहे.

या दिवसाला मराठीत प्रजासत्ताक दिन म्हणतात, हिंदीत गणतंत्र दिवस म्हणतात. शाळांतून आणि खेड्यापाड्यांतून मात्र तो ‘सव्वीस जानेवारी’ याच नावाने ओळखला जातो. दिवसाला त्याच्या तारखेनेच हाक मारण्याची ही लोकरीत, अजाणता का होईना, इतिहासाला धरूनच आहे. कारण या सणाच्या बाबतीत तारीख ही नुसती खूण नसून तिलाच एक अर्थ आहे.

या कथेचा आरंभ ‘स्वराज्य’ या शब्दापासून करावा लागतो. १९०६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नवरोजी यांनी हा शब्द राष्ट्रसभेच्या व्यासपीठावरून उच्चारला आणि लोकमान्य टिळकांनी तो घराघरांत पोहोचविला. परंतु स्वराज्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षे मोकळाच राहिला. ब्रिटिश साम्राज्यात राहून कॅनडा वा ऑस्ट्रेलिया यांच्यासारखा वसाहतीचा दर्जा मिळविणे म्हणजे स्वराज्य, की साम्राज्याशी असलेला संबंधच तोडणे म्हणजे स्वराज्य? १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात मौलाना हसरत मोहानी यांनी दुसरा अर्थ स्वीकारावा असा ठराव मांडला. गांधीजींनी त्यास विरोध केला आणि तो फेटाळला गेला. १९२७ साली मद्रासच्या अधिवेशनाने पूर्ण स्वातंत्र्य हे ध्येय म्हणून मान्य केले. तथापि पुढच्याच वर्षी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या अहवालात वसाहतीच्या दर्जाचीच मागणी होती. वडीलधाऱ्या नेत्यांचा कल एकीकडे आणि जवाहरलाल नेहरू व सुभाषचंद्र बोस यांच्यासारख्या तरुणांचा आग्रह दुसरीकडे, अशी ती अवस्था होती. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला तडजोड झाली. सरकारने एका वर्षाच्या आत वसाहतीचा दर्जा द्यावा, न दिल्यास राष्ट्रसभा पूर्ण स्वातंत्र्याचाच पुरस्कार करील, असे ठरले.

ते वर्ष संपत आले. सांगलीच्या कृष्णेवरील पूल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते लॉर्ड आयर्विन त्या वेळी व्हाइसरॉय होते. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. भारताच्या वाटचालीचे स्वाभाविक पर्यवसान वसाहतीच्या दर्जातच होईल, असे त्यात म्हटले होते. परंतु ते केव्हा, याचा उल्लेख नव्हता. २३ डिसेंबर रोजी गांधीजी, मोतीलालजी आदी नेते व्हाइसरॉयना भेटले. नियोजित गोलमेज परिषद वसाहतीच्या दर्जाची घटना तयार करण्यासाठीच भरेल, असे आश्वासन त्यांना हवे होते. ते मिळाले नाही, आणि नेते तेथून लाहोरच्या अधिवेशनास गेले.

लाहोरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते नुकतीच चाळिशी गाठलेले जवाहरलाल नेहरू. पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव स्वतः गांधीजींनी मांडला. राष्ट्रसभेच्या घटनेतील ‘स्वराज्य’ या शब्दाचा अर्थ यापुढे पूर्ण स्वातंत्र्य असाच घ्यावा, असे त्या ठरावाने निश्चित केले. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, दिलेली मुदत सरतासरता, पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत रावी नदीच्या काठी तिरंगा फडकविण्यात आला. २ जानेवारी १९३० रोजी कार्यकारिणीची बैठक झाली. अधिवेशनातील ठराव हा प्रतिनिधींचा ठराव होता. तो आता सर्वसामान्य जनतेचा व्हावयास हवा होता. त्यासाठी देशभर एकाच दिवशी सभा घेऊन प्रतिज्ञा करण्याचे ठरले, आणि जानेवारीतील शेवटचा रविवार मुक्रर झाला. त्या रविवारी २६ तारीख होती. पंचांग पाहून काढलेला हा मुहूर्त नव्हता, किंवा कोणा थोर पुरुषाची जयंतीही नव्हती. एका साध्या रविवारला लोकांनी आपल्या निश्चयाने मोठेपण दिले.

त्या दिवशी वाचावयाची प्रतिज्ञा मुख्यतः गांधीजींनी सिद्ध केली होती. तिचे वैशिष्ट्य असे की, तीत आवेशापेक्षा हिशेब अधिक होता. स्वातंत्र्य हा प्रत्येक राष्ट्राचा हिरावून न घेता येणारा हक्क आहे, हे सांगून ती थांबत नाही. परकीय सत्तेने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आत्मिक हानी कशी केली, याचा ती ताळेबंदच मांडते. माणशी सरासरी रोजचे उत्पन्न सात पैसे. करांच्या ओझ्यापैकी वीस टक्के शेतकऱ्याच्या जमीन महसुलातून आणि तीन टक्के मिठावरील करातून. हातसुतासारखे ग्रामोद्योग बुडालेले. जकातीचे व चलनाचे धोरण परकीयांच्या हिताचे. असा तो तपशील आहे. अशा राज्यसत्तेपुढे यापुढे मान तुकविणे हा मानवाचा व ईश्वराचा अपराध होय, आणि तरीही तिचा प्रतिकार अहिंसेनेच करावयाचा, असा तिचा शेवट होता. मिठाच्या करावरील तिच्यातील वाक्य किती अर्थपूर्ण होते, हे अवघ्या सहा आठवड्यांत दिसून आले. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि ६ एप्रिल रोजी समुद्रकाठचे मीठ उचलून त्यांनी तो कायदा मोडला.

त्या पहिल्या २६ जानेवारीचा समारंभ कसा झाला, हे आजही ध्यानात घेण्याजोगे आहे. दिवस विधायक कामात घालवावा, सूत कातावे, अस्पृश्य मानलेल्यांची सेवा करावी, हिंदु-मुसलमानांत सलोखा वाढवावा, अशी गांधीजींची सूचना होती. सभेत भाषणे करावयाची नव्हती. लोकांच्या भाषेत प्रतिज्ञा वाचावयाची आणि उपस्थितांनी तीस संमती द्यावयाची, एवढाच विधी होता. भाषणांवाचून, उपदेशावाचून, शांतपणे प्रतिज्ञा घेणारे ते विराट समुदाय पाहून देशाची मनःस्थिती एकाएकी उजळून दिसली, असा अनुभव नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केला आहे. दांडीयात्रेच्या प्रचंड आंदोलनाला देश सिद्ध आहे की नाही, याचे उत्तर त्या मूक सभांनी दिले.

१९३० पासून १९४७ पर्यंत हा दिवस अठरा वेळा आला आणि तो ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणूनच पाळला गेला. स्वातंत्र्य नसताना स्वातंत्र्य दिन पाळणे हा विरोधाभास खरा. पण त्या विरोधाभासातच चळवळीचे बळ होते. १९३१ च्या २६ जानेवारीस पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगातून गांधीजींची मुक्तता झाली, आणि त्याच दिवशी कलकत्त्यात महापौर सुभाषचंद्र बोस यांच्या मिरवणुकीवर लाठ्या चालून त्यांना अटक झाली. १९३२ च्या आरंभी राष्ट्रसभाच बेकायदेशीर ठरली. मग त्या तारखेला झेंडा घेऊन रस्त्यावर येणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे होते. तरीही प्रभातफेऱ्या निघत राहिल्या आणि प्रतिज्ञा वाचल्या जात राहिल्या. वर्षातून एकदा केलेल्या संकल्पाचा पुनरुच्चार करावयाचा आणि मागील वर्षात तो किती पाळला गेला ते पाहावयाचे, हे व्रताचे लक्षण होय. २६ जानेवारीला तेव्हापासून व्रताच्या तिथीचे स्वरूप आले.

पुढे प्रत्यक्ष स्वातंत्र्य आले ते दुसऱ्याच तारखेला. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस लॉर्ड माउंटबॅटन यांनी निवडला. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली होती. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती या नात्याने माउंटबॅटन यांना त्या तारखेचे अगत्य होते. १५ ऑगस्टचे महत्त्व यामुळे तिळमात्र उणे होत नाही. त्या दिवशी परकीय सत्ता गेली, आणि फाळणीच्या दारुण दुःखातही कोट्यवधी लोकांना तो आपला दिवस वाटला. तथापि कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास ते स्वातंत्र्य ब्रिटिश पार्लमेंटने संमत केलेल्या आणि १८ जुलै १९४७ रोजी राजसंमती मिळालेल्या एका अधिनियमावर उभे होते. देशाचा कारभार १९३५ च्या कायद्यात फेरफार करून चालत होता. राज्याचे नाममात्र प्रमुख इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेच होते आणि गव्हर्नर जनरल त्यांच्याच नावाने नेमला जात होता. दार उघडले होते. पण घराच्या मालकीचा कागद अजून दुसऱ्याच्या हातचा होता.

तो कागद लिहिण्याचे काम घटना समितीने हाती घेतले होते. तिची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि दोनच दिवसांनी डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष झाले. १३ डिसेंबर रोजी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग व संस्थाने यांचे प्रतिनिधी येईपर्यंत त्यावरील निर्णय लांबणीवर टाकावा, अशी सूचना बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी केली. अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमण्यात आली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांपैकी २,४७३ दुरुस्त्या सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दोन वर्षे, अकरा महिने आणि अठरा दिवस चाललेले हे काम २६ नोव्हेंबर १९४९ रोजी पूर्ण होऊन राज्यघटना स्वीकृत झाली. त्या वेळी तीत ३९५ कलमे आणि आठ परिशिष्टे होती.

घटना तयार झाली असता ती त्याच दिवशी सर्वस्वी अमलात का आणली नाही? नागरिकत्व, निवडणूक आयोग, हंगामी संसद यांविषयीची काही कलमे तात्काळ लागू झाली. नव्या व्यवस्थेची पूर्वतयारी त्यांवाचून होणार नव्हती. उरलेल्या सर्व कलमांसाठी ३९४ व्या कलमात २६ जानेवारी १९५० ही तारीख घालण्यात आली. रावीच्या काठी केलेल्या निश्चयानंतर वीस वर्षांपूर्वी निवडलेली ती तारीख अशा रीतीने राज्यघटनेच्या अंगभूत झाली. प्रतिज्ञा ज्या दिवशी केली त्याच दिवशी तिची पूर्तता व्हावी, हा त्यामागील हेतू उघड होता. मधल्या दोन महिन्यांच्या अखेरीस, २४ जानेवारी १९५० रोजी, सभासदांनी घटनेच्या प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या, ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित झाले आणि राजेंद्रबाबूंची राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवड झाली. स्वाक्षरीची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हस्ताक्षरात सिद्ध केली होती; नंदलाल बोस व शांतिनिकेतनातील त्यांचे सहकारी यांनी तिची पाने चित्रांनी सजविली होती.

२६ जानेवारी १९५० च्या सकाळी सव्वादहाच्या सुमारास दिल्लीतील शासकीय प्रासादाच्या दरबार हॉलमध्ये अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारत हे प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचली. त्यानंतर सरन्यायाधीश हरिलाल कणिया यांनी राजेंद्रप्रसादांना राष्ट्रपतिपदाची शपथ दिली. एकतीस तोफांची सलामी झाली. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो हे या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते. दुपारी सहा घोड्यांच्या बग्गीतून राष्ट्रपती संचलनाच्या जागी गेले आणि तिन्ही सेनादलांच्या सुमारे तीन हजार जवानांनी त्यांना मानवंदना दिली. ज्या प्रासादात शपथविधी झाला, तेथे राहावयास आलेले पहिले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन हेच होते. आणि ज्या क्रीडांगणावर संचलन झाले, त्याचे नावही तेव्हा आयर्विन स्टेडियम असेच होते. ज्यांच्या अमदानीत लाहोरचा ठराव झाला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर तो पूर्णत्वास गेला. त्या जागेस पुढे नॅशनल स्टेडियम आणि नंतर मेजर ध्यानचंद यांचे नाव मिळाले. दरबार हॉलचेही २०२४ साली गणतंत्र मंडप असे नामकरण झाले.

त्या दिवशी बदलले काय, हे शेवटच्या, म्हणजे ३९५ व्या कलमात फार थोडक्यात सांगितले आहे. त्या कलमाने १९३५ चा कायदा तर रद्द झालाच, परंतु ज्या ब्रिटिश अधिनियमाने स्वातंत्र्य दिले तो १९४७ चा अधिनियमही रद्द झाला. भारताची सत्ता यापुढे कोणी दिलेली उरली नाही. भारताचे लोकच आपली घटना आपल्याला अर्पण करीत आहेत, अशी तिची बैठक झाली. ‘प्रजासत्ताक’ हा मराठी शब्द या दृष्टीने फार समर्पक आहे. प्रजा म्हणजे जिच्यावर राज्य चालते ती, आणि सत्ता म्हणजे राज्य चालविण्याचा अधिकार. शतकानुशतके परस्परांसमोर उभे असलेले हे दोन शब्द येथे एका समासात नांदू लागले.

मराठी भाषकांपुरते पाहिले तरी या बदलाची व्याप्ती कळून येते. त्या दिवशी मुंबईचे, पुण्याचे आणि कोकणचे लोक मुंबई राज्यात होते. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. कोल्हापूर आणि बडोदे ही संस्थाने १९४९ सालीच मुंबई राज्यात विलीन झाली होती, तर ग्वाल्हेर व इंदूर मध्य भारतात सामील झाली होती. कोणी कालपर्यंत छत्रपतींची प्रजा, कोणी गायकवाडांची, कोणी शिंद्यांची वा होळकरांची, कोणी निजामाची. २६ जानेवारीस ते सारे एकाच अर्थाने भारताचे नागरिक झाले. भाषिक राज्यासाठी त्यांना १ मे १९६० पर्यंत वाट पाहावी लागली, पण नागरिकत्वासाठी नव्हे. गोमंतक तेवढा पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला, आणि अवघ्या पाच आठवड्यांनी आलेला २६ जानेवारी १९६२ हा मुक्त गोमंतकाचा पहिला प्रजासत्ताक दिन ठरला.

नागरिकत्वाबरोबर मताचा अधिकार आला, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. साक्षरतेचे प्रमाण १९५१ च्या जनगणनेत जेमतेम अठरा टक्के असताना प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत देणे हे मोठेच धाडस होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या सतरा कोटींहून अधिक होती. मतदारयाद्या तयार करताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तरेकडील कित्येक राज्यांतील स्त्रिया स्वतःचे नाव सांगावयास तयार नव्हत्या. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच ओळख त्या देत. अशा नोंदी स्वीकारावयाच्या नाहीत, असे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले आणि सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रियांची नावे त्या वेळी यादीत येऊ शकली नाहीत. निर्णय कठोर होता. परंतु प्रजासत्ताकात प्रत्येक नागरिक हा स्वतःच्या नावाने नागरिक असतो, हे तत्त्व त्यात होते. पुढील निवडणुकांत त्या स्त्रियांची नावे यादीत येऊ लागली.

समारंभाचे आजचे स्वरूप हळूहळू घडत गेले. पहिली काही वर्षे संचलनाची जागा निश्चित नव्हती. आयर्विन स्टेडियम, किंग्जवे, लाल किल्ला, रामलीला मैदान अशा निरनिराळ्या ठिकाणी ते झाले. १९५५ पासून ते राजपथावर होऊ लागले. त्या वर्षीचे पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम महंमद. २०२२ साली त्या रस्त्यास कर्तव्यपथ असे नाव देण्यात आले. पंतप्रधान प्रथम हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहतात. १९७२ मध्ये इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत प्रज्वलित झाल्यापासून हा विधी तेथे होत असे, २०२० पासून तो राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी होतो. नंतर राष्ट्रपती येतात, ध्वज फडकतो, राष्ट्रगीत चालू असता एकवीस तोफा डागल्या जातात, आणि संचलनास आरंभ होतो. सेनादलांच्या तुकड्यांमागून राज्याराज्यांचे चित्ररथ येतात. शिवराज्याभिषेकाचा देखावा असलेला महाराष्ट्राचा चित्ररथ २०१८ साली पहिला आला होता. २९ जानेवारीच्या सायंकाळी विजय चौकातील लष्करी वाद्यवृंदांच्या कार्यक्रमाने या उत्सवाची सांगता होते.

ध्वजाच्या विधीतील एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान ध्वज खालून वर चढवितात. ते ध्वजारोहण होय. २६ जानेवारीस ध्वज स्तंभाच्या माथ्यावर आधीच बांधलेला असतो आणि राष्ट्रपती तो केवळ उलगडतात. पहिल्या विधीत पारतंत्र्यातून वर येणाऱ्या राष्ट्राचे चित्र पाहावे आणि दुसऱ्यात आधीच स्वतंत्र असलेल्या राष्ट्राने स्वीकारलेल्या व्यवस्थेचे, असा त्याचा अर्थ लावला जातो. सामान्य नागरिकाला मात्र आपल्या घरावर ध्वज लावण्याची मुभा पुष्कळ वर्षे ठराविक राष्ट्रीय दिवसांपुरतीच होती. ध्वजसंहिता नव्याने तयार होऊन ती मुभा वर्षभराची झाली, आणि ती संहिताही २००२ सालच्या २६ जानेवारीपासूनच अमलात आली.

दिल्लीपासून दूर हा दिवस निराळ्या रूपाने भेटतो. थंडीत कुडकुडत, पांढऱ्याशुभ्र गणवेशात मुले पहाटेच शाळेच्या आवारात जमतात. प्रभातफेरी निघते. झेंडावंदन होते, कवायत होते आणि महाराष्ट्रात तर जिलेबीवाचून हा दिवस पुरा होत नाही. त्या प्रभातफेरीचे मूळ १९३० नंतरच्या त्या बंदीच्या पहाटांत आहे, हे फेरीतील मुलांना कोणी सांगतेच असे नाही. महाराष्ट्रातील गावोगावी या दिवशी ग्रामसभा भरविण्याचाही प्रघात आहे. गावाचा जमाखर्च, पाणीपुरवठा, घरकुलांच्या याद्या हे विषय तीत निघतात. वर्दीतील संचलनापेक्षा चावडीसमोरचा हा कार्यक्रम फारच साधा. परंतु सात पैशांचा आणि मिठाच्या कराचा हिशेब मांडणाऱ्या १९३० च्या सभेशी त्याचे नाते अधिक निकटचे आहे.

समारंभ आणि संकल्प यांत अंतर पडू शकते, याचाही अनुभव देशाने घेतला आहे. १९७६ च्या २६ जानेवारीस दिल्लीत संचलन नेहमीच्याच थाटात झाले. त्या वेळी आणीबाणी चालू होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, अनेक लोकप्रतिनिधी तुरुंगात होते आणि मूलभूत हक्कांपैकी प्रमुख हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची सोय राष्ट्रपतींच्या आदेशांनी स्थगित झाली होती. चित्ररथ होते, तोफांची सलामी होती. ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे तेच तेवढे स्थगित होते. पुढील वर्षाच्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि मतदारांनी सरकार बदलले. १९५० साली दिलेल्या मताधिकाराने १९७७ साली घटनेचे रक्षण केले. संचलनाच्या दिमाखावरून प्रजासत्ताकाची प्रकृती जोखता येत नाही, हा त्या दोन वर्षांचा धडा होय.

घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी याच तारखेचा उल्लेख करून इशारा दिला होता. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता येईल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. हा विरोध लवकरात लवकर दूर केला नाही, तर ज्यांना विषमतेचे चटके बसतात तेच लोक ही कष्टाने उभारलेली रचना उद्ध्वस्त करतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. उत्सवाच्या उंबरठ्यावर उभे राहून उत्सवमूर्तीच्याच शिल्पकाराने असे बोलावे, हे विलक्षण खरे. पण त्या बोलण्यात २६ जानेवारीच्या मूळ स्वभावाशी पूर्ण सुसंगती होती. १९३० ची प्रतिज्ञा परकीयांच्या राज्याचा हिशेब मागणारी होती. आंबेडकरांनी स्वकीयांच्या राज्याचा हिशेब आगाऊच मागून ठेवला.

आता प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारीस, राष्ट्रीय मतदार दिन पाळला जातो. १९५० साली त्याच तारखेला निवडणूक आयोगाची स्थापना झाली होती. २०११ पासून त्या दिवशी नव्या मतदारांना ओळखपत्रे दिली जातात. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळला जात आहे. हे दोन्ही दिवस २६ जानेवारीचे सोबती आहेत आणि त्याचा अर्थ स्पष्ट करणारे आहेत. १५ ऑगस्टला काय मिळाले ते आठवावे. २६ जानेवारीला काय कबूल केले होते ते आठवावे. मिळालेल्या गोष्टीचा आनंद एका दिवसात साजरा करता येतो. कबूल केलेल्या गोष्टीसाठी उरलेले तीनशे चौसष्ट दिवस लागतात, आणि पुढच्या सव्वीस जानेवारीस पुन्हा तोच प्रश्न पुढे येतो. तो प्रश्न शाळेच्या आवारात, ग्रामसभेत, कचेरीच्या टेबलापाशी आणि मतदानाच्या रांगेत जोवर विचारला जात आहे, तोवर त्या दिवशी फडकणाऱ्या ध्वजाला अर्थ आहे.